जाताना नाही, येताना

सिस्टर कॉम्प्युटरवरच्या खेळातसुद्धा दुसऱ्याच्या घरात शिरण्याआधी दार वाजवायच्या. खेळात तशी सोय नव्हती. दारापुढे गेलं की बटन दाबायचं, दार उघडतं, आत जाऊन मडकी-पेट्या उचकायच्या, सापडेल ते खिशात घालायचं आणि चालू पडायचं, अशी त्या जगाची रीत. सिस्टर दारापुढे उभ्या राहायच्या, समोरच्या खऱ्या टेबलावर बोटांनी टकटक करायच्या, जरा थांबायच्या आणि मग बटन दाबायच्या. आत गेल्यावर कशाला हात लावायच्या नाहीत. "लोकाच्या घरातले डबे उघडून पाह्यत असते का कोनी?" असं वर मलाच विचारायच्या.

विचारणं अगदीच गैर नव्हतं, कारण माझी नोकरी त्याच धंद्यातली. हैदराबादच्या एका गेम स्टुडिओत मी कामाला होतो. आमचे खेळ म्हणजे एक अख्खं जग असतं, डोंगर, नद्या, गावं, माणसं, आणि खेळणाऱ्यानं त्यात हवं तिकडे हिंडायचं. एक मुख्य कथा असते, म्हणजे राजा वेढ्यात अडकलाय, त्याला सोडवा. आणि राजापर्यंतच्या वाटेवर शेकडो माणसं उभी असतात, ती तुम्हाला थांबवून आपापली कामं सांगतात. माझी कोंबडी शोधून द्या, पलीकडच्या गावात माझ्या बहिणीला निरोप द्या, लांडगे माजलेत, दहा मारून आणा. यांना साइड क्वेस्ट म्हणतात. त्या कोंबड्या, त्या बहिणी आणि ते लांडगे लिहायचं काम माझ्याकडे होतं. भीमपूरजवळच्या आमच्या गावात बाबांना हे कुणाला समजावून सांगता येत नसे. "पोरगा कंप्युटरात हाये," एवढं सांगून ते सोयाबीनकडे वळत.

घरून काम करायची मुभा मिळाली तेव्हा मी गावीच गेलो होतो, पण तिथे नेट टिकेना. म्हणून आदिलाबादेत बसस्टँडच्या मागच्या गल्लीत सिस्टरांची वरची खोली भाड्यानं घेतली. त्या काळात माझ्या जिवाला एकच घोर होता. माझी कामं लोक अर्ध्यावर सोडून देत होते. खेळणारा कुठे कंटाळून निघून गेला हे आम्हाला इकडे बसून दिसतं, आणि माझ्या बहुतेक कोंबड्या हरवलेल्याच राहत होत्या. आमची टीम लीड माझ्याहून लहान, तेलुगू मुलगी, हुशार आणि मनानं चांगली. तिनं स्वच्छ सांगितलं की पुढच्या खेळासाठी लोक शेवटपर्यंत करतील असं एक तरी काम लिही, नाहीतर तुझा करार पुढे चालवणं माझ्या हातात राहणार नाही. गंमत अशी की मला स्वतःलाच ती कामं पोकळ वाटत होती. जग मोठं दिसावं म्हणून भरलेलं ते भुसकट, असंच माझं मत होतं, आणि ते मत घेऊन मी रोज भुसकट भरत होतो.

सिस्टर निवृत्त नर्स. ऐन उमेदीची सगळी वर्षं बेज्जूरकडच्या जंगलात, प्राणहितेच्या काठच्या गावांत पायी फिरून लसी टोचण्यात गेली, आणि शेवटची काही आदिलाबादेत. यजमान वारलेले, लेक लग्न होऊन नांदेडला. गुडघे पार गेले होते. जिना चढणं बंदच, त्यामुळे वरच्या खोलीत मी काय करतो हे त्यांना पहिले दोन महिने कळलंच नाही. गल्लीत सगळे त्यांना सिस्टर म्हणत, भाजीवाली सिस्टरम्मा म्हणे, म्हणून मीही सिस्टरच म्हणू लागलो. त्या मला बापू म्हणत. माझं नाव त्यांनी भाडं ठरवताना एकदा विचारलं होतं, नंतर त्यांना त्याची गरज पडली नाही.

त्या कढीपत्ता आणायला कोपऱ्यावर गेल्या की तासभर गायब. दुधवाल्याचं बीपी, कुणाच्या सुनेला दिवस गेलेत तिला गोळ्या कोणत्या, कुणाच्या लेकीला नांदेडला डबा पोहोचवायचाय, सगळं त्यांच्याकडे. पण एक पाहून ठेवलं होतं मी. घरून जाताना त्यांना कुणी हाक मारत नसे. नवखा कुणी मारलीच तर त्या न थांबता हात वर करायच्या आणि म्हणायच्या, "येतानी!" आणि परत येताना बघावं तर लोक आपापल्या दारात उभेच. कढीपत्ता आधी पिशवीत पडला पाहिजे, मग जग. मला वाटे, म्हातारीचा हेका आहे झालं.

एकदा खालच्या खोलीतला पंखा दुरुस्त करायला गेलो तेव्हा त्यांनी विचारलं, "बापू, दिवसभर वर एकटा काय करून राह्यला तू? कोनाशी भांडून राह्यला?"

मी आमच्या चाचणीच्या मीटिंगमध्ये मोठ्यानं बोलत असे. सांगून कळेना म्हणून जुना कॉम्प्युटर खाली आणून खेळच लावून दाखवला. त्यांनी हिरवं रान बघितलं, डोंगर बघितले, मधून गेलेली पायवाट बघितली, आणि विचारलं, "इथं चालता येते?"

"येतं की. हे बटन दाबून ठेवा."

त्या चालल्या. नुसत्या चालल्या, दुपारभर. चहा गार झाला. दिवे लागायची वेळ झाली तेव्हा म्हणाल्या, "किती वर्षानं एवढी चालली मी." तो कॉम्प्युटर मी तिथेच ठेवून दिला.

त्यांच्या खेळण्याचे किस्से मी स्टुडिओत सांगायचो आणि तिकडे हसून मुरकुंडी वळायची. त्या पिकातून कधी जायच्या नाहीत, धुऱ्यानं, म्हणजे शेताच्या बांधानं जायच्या, लांब वळसा पडला तरी. मी म्हटलं, "सिस्टर, पिकातून गेलं तरी तिथे कुणी अडवत नाही." तर म्हणे, "तोंडावर नाही अडवत. मागून बोलतात." गावात शिरल्या की आधी लेकरांचे दंड न्याहाळायच्या. "एकाच्याबी दंडावर लसीचा वण नाही. या राजाले कोनी विचारत नाही का?" आणि एके दिवशी त्यांनी मला खालून अशी हाक मारली की मी घाबरून जिना उतरलो. "बापू, येवढी गावं पाह्यली मी, यात एकबी बाळंतीण नाही. पोटुशी नाही. पाळणा नाही. मंग ही मान्सं येतात कुठून?" हा प्रश्न मी मीटिंगमध्ये मांडला. सगळे हसले, पण आमच्यापैकी कुणाच्याही हे लक्षात आलेलं नव्हतं.

दहा लांडगे मारून आणा, या माझ्या कामाला त्यांनी एका वाक्यात निकालात काढलं. "हे टारगेट आहे." त्यांच्या नोकरीच्या सुरुवातीला कुटुंबनियोजनाच्या ऑपरेशनांचं टारगेट यायचं वरून, महिन्याला इतक्या बाया. "टारगेट आलं का समोर बाई दिसत नाही, आकडा दिसते. तुह्या त्या पाटलाले लांडग्याचं दुःख नाही. त्याले दहा पाह्यजे." मी म्हटलं, पण त्याच्या शेळ्या खाल्ल्यात ना लांडग्यांनी. "खाल्ल्या असत्या तं त्यानं शेळीचं नाव सांगतलं असतं." मी वर जाऊन त्या पाटलाला एक शेळी दिली आणि शेळीला नाव दिलं. तेवढ्यानं काही फरक पडला नाही, हेही सांगून टाकतो. सिस्टरांचं सगळंच खरं ठरायचं असं मुळीच नाही.

खरी गंमत मुख्य कथेत झाली. वाटेवरच्या माझ्या म्हातारीनं कोंबडी शोधून द्या म्हणून हाक मारली, तर सिस्टर न थांबता म्हणाल्या, "येतानी." पुढे लोहार, पुढे कोळी, पुढे निरोपाची बहीण, सगळ्यांना तेच.

मी म्हटलं, "सिस्टर, ही कामं आधी करायची असतात. त्यानं ताकद वाढते, चांगली हत्यारं मिळतात. तशाच गेलात तर किल्ल्यापाशी टिकणार नाही."

"राजा मरून राह्यला म्हनतोस ना तू? अन् मी कोंबड्या शोधत फिरू?"

"राजा मरत नाही. तुम्ही जाईपर्यंत तो तसाच थांबतो. वर्षभर नाही गेलात तरी थांबतो."

त्यांनी माझ्याकडे अशी नजर टाकली की मला माझ्या पगाराची लाज वाटली. "मंग तो कायचा वेढा?" म्हणाल्या आणि चालू लागल्या.

एकही वाटेवरचं काम न करता, बटनांनी चालवायच्या त्या खेळातल्या पोरीला तशीच उघडीबोडकी घेऊन त्या किल्ल्यावर गेल्या. किती वेळा मेल्या त्याचा हिशोब नाही. मेल्या की "सरे," म्हणायच्या, तेलुगूत, ठीक आहे या अर्थानं, आणि पुन्हा पहिल्यापासून. महिना लागला. स्टुडिओत कुणाचा विश्वास बसेना. राजा सुटला, ढोल वाजले, नावं वर सरकू लागली आणि पडदा काळा झाला. पुन्हा उजेड आला तेव्हा त्यांची पोरगी किल्ल्याच्या दाराबाहेर उभी, वेढा जसाच्या तसा. आमच्याकडे तशीच पद्धत आहे. कथा संपली की खेळ संपतो, आणि पुन्हा हिंडायचं असेल तर शेवटच्या दाराआधी नेऊन सोडतात.

सिस्टर भडकल्याच. "अन् परतीची वाट?"

"तशी नसते."

"नसते म्हनजे? मी सगळ्याले सांगून आली येतानी येते म्हनून. ते थांबले असतील ना बापू!"

मग त्यांनी जे केलं ते आमच्या स्टुडिओत दंतकथा होऊन बसलंय. किल्ल्याला पाठ करून त्या परत निघाल्या, पूर्ण नकाशा पायी, आणि जाताना ज्याला ज्याला येताना म्हटलं होतं त्या प्रत्येकाकडे थांबल्या. लोक ओरडत होते, राजा वेढ्यात आहे, धावा! त्या म्हणत होत्या, "झालं रे बाबा राजाचं. तू सांग, तुहं काय?" कोंबडी सापडली. निरोप पोहोचला. त्यांच्याकडे बघताना मला पहिल्यांदा वाटलं की ही कामं भुसकट नसतील, आम्ही ती चुकीच्या वेळी सांगत असू. डोक्यावर आग असलेल्या माणसाला आम्ही कोंबडी शोधायला लावतो, आणि मग तो कंटाळला म्हणून त्यालाच नावं ठेवतो. परतणाऱ्या माणसाला तीच कोंबडी किती मोठी वाटते.

मी त्यांना विचारलं, ही येतानाची रीत तुम्ही कुठून आणली? त्या अंबाडी निवडत बसल्या होत्या. सहज सांगितलं, जसं सगळं सांगायच्या तसं.

"लसीचा डबा राह्यते ना खांद्याले. त्यात बर्फ. बर्फ वितळला का लस गेली, मंग नुसतं पानी टोचा लेकराले. म्हनून जातानी थांबाचं नाही. कोनी पानी म्हनो, कोनी चहा म्हनो. माह्या सगळ्या गावाले मालूम होतं. डबा भरला असला का सिस्टरले हाक माराची नाही. डबा रिकामा झाला का मंग सिस्टर आपली."

"आणि कुणी मारलीच हाक तर?"

अंबाडीचा एक देठ त्यांनी मोडला, टाकला, दुसरा घेतला. "मारली ना एका बाईनं."

नाल्याला पाणी होतं त्या दिवशी, त्यामुळे आधीच उशीर झालेला. पुढच्या गुड्यात, जंगलातल्या पाड्यावर, गोवर निघाला होता आणि तिथली लेकरं लसीची वाट बघत होती. वाटेवरच्या एका घराच्या दारात एक बाई लेकरू कडेवर घेऊन उभी. तिला रीत ठाऊक होती, तरी तिनं हाक मारली. लेकराला ताप होता. सिस्टरांनी चालता चालता बघितलं, तोंड सुकलेलं वाटलं, आणि म्हणाल्या, पाणी पाजत राह्य, येतानी पाह्यते. पुढच्या गुड्यात सगळ्यांना टोचून झालं, लस शेवटच्या थेंबापर्यंत चांगली होती. दुपार उलटल्यावर परत आल्या तर दाराला कडी. लेकराला बैलगाडीत घालून दवाखान्याकडे नेलं होतं. ते वाटेतच गेलं.

"महिन्यानं पुन्हा गेली मी. जावंच लागते. तीच दारात उभी. काही बोलली नाही. तांब्याभर पानी देल्लं मले." सिस्टरांनी परात बाजूला सारली. "थांबाले पाह्यजे होतं का नव्हतं, अजून नाही समजलं मले. थांबली असती तं ते वाचलं असतं असंबी नाही. पुढच्या गुड्यातले मातर सगळे वाचले. पन तिनं हाक मारली होती ना, बापू."

मी परात माझ्याकडे ओढली आणि उरलेली अंबाडी निवडली. दोन दिवस ती बाई माझ्या डोळ्यांपुढून हलेना, आणि लपवून काय उपयोग, दुसऱ्या दिवसापासूनच मला माझं काम त्यात दिसू लागलं होतं. तिसऱ्या दिवशी मी खाली जाऊन सरळ विचारलं, "सिस्टर, हे मी खेळात लिहू का? माझी नोकरी त्यावर आहे. पण तुम्ही नको म्हणालात तर नाही लिहिणार."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. "लिही. पन मी खेळून पाह्यन आधी. मंग सांगन, राहू दे का काढून टाक."

"तुम्ही काढ म्हणालात तर काढेन," असं मी कबूल केलं, आणि ते मनापासून केलं होतं.

लिहिलं मी झपाटल्यासारखं. पुढच्या खेळात कथा संपल्यावरही परतीची वाट ठेवायची असं मी टीमकडून कबूल करून घेतलं होतं, आणि राजा सुटल्यानंतरचं काम होतं ते. बर्फात ठेवलेलं औषध डोंगरावरच्या गावात न्यायचं, वाटेत एका दारात कडेवर लेकरू घेतलेली बाई हाक मारते. थांबलात तर बर्फ वितळतो आणि वरचं गाव जातं. पुढे गेलात तर येताना दाराला कडी असते. दोन्हीकडून हात रिकामा. मला वाटत होतं, वाटेवरच्या कामाला अर्थ येतो तो असा, काहीतरी गमावावं लागलं की.

टीम लीडनं ते खेळून पाहिलं आणि मला फोन केला. तिचा आवाज ओला होता. तरीही म्हणाली, हे असं जाणार नाही. माणसं दिवसभर राबून घरी येऊन खेळतात, त्यांना आपण शिक्षा द्यायची नाही. ती बाई थांबली पाहिजे. परत येईपर्यंत लेकरू जिवंत पाहिजे, येऊन औषध दिलं की बरं झालं पाहिजे आणि तिनं आभार मानले पाहिजेत. तसं करशील तर हे काम खेळात राहील, आणि तूही. सोमवारपर्यंत कळव.

मी चिडलो. चार फेऱ्या गच्चीवर मारल्या. राजा थांबतो, कोंबडी थांबते, आता मरणाऱ्या लेकरानंही थांबायचं! मग तिच्या म्हणण्याप्रमाणे एक आवृत्ती केली, शक्य तितकी गोडगोड केली, आणि ठरवलं की आधी हीच सिस्टरांना दाखवायची. त्यांना ती खोटी वाटणार याची मला खात्री होती. त्या म्हणतील, असं नाही झालं बापू, जसं झालं तसं लिही. मग मी माझी खरी आवृत्ती पाठवणार होतो आणि खुशाल नोकरीवर पाणी सोडणार होतो. त्या दोन दिवसांत मला स्वतःबद्दल फारच बरं वाटत होतं.

रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर त्या बसल्या. मी शेजारी. कसं लिहिलंय ते काही सांगितलं नाही. त्यांच्या पोरीनं औषधाची पेटी खांद्याला लावली आणि डोंगराची वाट धरली. सिस्टर रोजच्यासारख्या धुऱ्याधुऱ्यानं चालत होत्या. वळणावर घर आलं. दारात बाई. तिनं हाक मारली.

सिस्टरांचा अंगठा बटनावरून उचलला गेला. पोरगी वाटेवर थांबली. आता या आत जाणार, या वेळी थांबणार असं मला वाटलं. त्या पडद्याकडे बघत होत्या. ती बाई पुन्हा एकदा हाक मारून गप्प झाली. सिस्टर इतक्या हळू बोलल्या की मला जेमतेम ऐकू आलं. "येतानी येते वं माय." आणि बटन दाबून पुढे निघाल्या.

डोंगर चढला. वरच्या गावात औषध दिलं. लोक गोळा झाले, कुणी काही काही सांगू लागले, आणि सिस्टरांनी एकाचंही ऐकलं नाही. पोरीला तिथल्या तिथे वळवलं आणि मला विचारलं, "पळाचं बटन कोन्तं?"

इतक्या महिन्यांत त्यांनी ते कधी विचारलं नव्हतं. मी दाखवलं. त्या पळाल्या. धुरा सोडून, पिकातून, दगडांवरून, दोनदा पडल्या आणि उठल्या. मला सांगावंसं वाटत होतं की सिस्टर, पळायची गरज नाही, ती थांबणार आहे, मीच थांबवलंय तिला. पण सांगितलं नाही.

वळण आलं. घर आलं. बाई दारात उभी होती, लेकरू कडेवर.

सिस्टर तिच्यापुढे जाऊन थांबल्या. औषध द्यायचं बटन मी सांगितलं नाही, त्यांनीच शोधलं. लेकरानं मान वर केली. एवढंच चित्र होतं ते, आमच्या एका मुलानं अर्ध्या दिवसात केलेलं, लेकरू मान वर करतं आणि आईचा पदर धरतं. सिस्टर ते बघत राहिल्या. डोळे पुसले नाहीत, वाहू दिले. पडद्यावर खाली इंग्रजी अक्षरं उमटली.

"काय म्हनून राह्यली ते?"

"म्हणते, तुमचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही."

"हे काढ."

मी म्हटलं, "सिस्टर, मी हे सगळंच काढणार आहे. हे खोटं आहे, स्टुडिओनं करायला लावलंय. माझ्याकडे खरं लिहिलेलं आहे. कडी घातलेलं दार. ते दाखवतो तुम्हाला, आत्ता दाखवतो."

"नको."

"पण तसंच झालं होतं ना?"

"खरं काय झालं ते मले मालूम हाये, बापू. त्यासाठी तुहा खेळ कायले पाह्यजे?" त्यांनी पदरानं चेहरा पुसला आणि पुन्हा पडद्याकडे वळल्या. "एकडाव तं थांबली ती. राहू दे तिले. लेकरू राहू दे. फक्त आभार काढ. तिनं माहे आभार नाही मानाचे."

काहीतरी गमावल्याशिवाय अर्थ येत नाही हे माझं मोठं तत्त्व घेऊन मी खाली आलो होतो, आणि समोर ही बाई एका खोट्या लेकराकडे बघत बसली होती. ज्यानं गमावलंच नाही त्याला शिकवायला माझी आवृत्ती ठीक होती. त्यांना ती काय देणार होती? त्या संध्याकाळपर्यंत तिथेच बसून होत्या. पोरीला दारापुढे उभं केलं होतं, दुसरं काही केलं नाही.

सोमवारी मी तीच आवृत्ती पाठवली, आभाराची ओळ पुसून. टीम लीडनं विचारलं, ती बाई काहीच का बोलत नाही? मी म्हटलं, एवढं माझं ऐक. तिनं ऐकलं. करार पुढे चालला, नंतर मला हैदराबादलाच बोलावून घेतलं. सिस्टर आदिलाबादेतच आहेत. फोन केला की आधी माझं जेवण विचारतात, मग कुणाकुणाची औषधं आणायला सांगतात, आणि ती मी गावी जाताना नाही, येताना त्यांच्याकडे देतो.

खेळ बाजारात आल्यापासून त्या कामाबद्दल तक्रारी येतात. लोक ते शेवटपर्यंत करतात, जवळजवळ सगळे, आणि मग लिहून पाठवतात की डोंगराखालच्या घरात बिघाड आहे, औषध दिलं, लेकरू बरं झालं, पण बाई काही बोलतच नाही, आम्ही कितीतरी वेळ तिच्यापुढे उभे होतो, दुरुस्त करा. या तक्रारी माझ्याकडे येतात. प्रत्येकीला मी तेच उत्तर लिहितो आणि ती बंद करतो. बिघाड नाही. बाईला बोलायचं नाही.